उन्हाचा काटा : दिव्याने सौर घट जोखण्याचा इतिहास



मागच्या खेपेला आम्ही इथे न्यायदर्शनावर बोललो होतो. प्रमाण म्हणजे काय, एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं, असा तो विषय होता. व्याख्यान संपल्यावर चहा घेताना एक शेतकरी जवळ आले. त्यांनी विहिरीवर सौर पंप बसवला आहे. म्हणाले, “सर, प्लेटच्या मागच्या पाटीवर ३३५ वॉट लिहिलंय. वायरमनला बोलावून भर दुपारी मीटर लावला, तर एका प्लेटमागं अडीचशे-दोनशेसाठच्या वर आकडा जाईना. कडक ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आता तुम्हीच सांगा, पाटी खोटी का ऊन खोटं?”

आम्ही हसलो खरे, पण उत्तर काही देता आलं नाही. उभं आयुष्य प्रमाणशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाची ती फजितीच होती. घरी जाऊन वाचायला बसलो, जाणकारांना विचारलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

प्रश्न वरवरचा नाही. आपल्या शिरूर-दौंड भागात रात्री पाणी धरायला जायचं म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. उसात बिबट्या, बांधावर साप, आणि वीज येणार रात्री. दिवसा पाणी देता यावं म्हणून माणसं सौर पंपाकडे वळली. २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आला. या साऱ्या व्यवहारात प्लेटचा भाव ‘वॉटला इतके रुपये’ असाच बोलला जातो. निविदा वॉटवर, घराच्या छतावरचं अनुदान किलोवॉटवर. म्हणजे पाटीवरचा आकडा हा पैशाचा आकडा आहे. आणि गंमत अशी की हा आकडा सूर्याखाली मोजलेला नसतोच. तो कारखान्यात, अंधाऱ्या पेटीत, दिव्याच्या एका लखलखाटात मोजलेला असतो.

आपल्याकडे उसाच्या काट्यावरून किती भांडणं होतात ते आपण पाहतो. गाडी काट्यावर गेली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण वजन करणारा काटा त्याच्या हातात नसतो. सौर प्लेटच्या बाबतीत हा दिवा म्हणजे काटा. तेव्हा आज आपण या उन्हाच्या काट्याचा इतिहास पाहू. तो कुठून आला, त्याच्यावर विश्वास कुणी आणि कसा बसवला, आणि त्याचा काटा कोण तपासतो.

सुरुवात मेणबत्तीपासून होते. १८३९ साली पॅरिसमध्ये एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या मुलाला दिसलं की द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीज निर्माण होते. ते निरीक्षण बरीच वर्षं नुसतंच पडून राहिलं. १८७३ मध्ये समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबली तपासताना विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याच्या लक्षात आलं की सेलेनियमच्या कांड्यांचा विद्युतरोध अंधारात एक असतो आणि उजेडात दुसरा. त्या धाग्यावरून १८७६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात विल्यम ॲडम्स आणि रिचर्ड डे या दोघांनी सेलेनियमच्या कांडीजवळ पेटती मेणबत्ती धरली. बॅटरी जोडलेली नव्हती, तरी मापकाची सुई हलली. मध्ये आडोसा धरला की सुई तत्क्षणी शून्यावर.

या ‘तत्क्षणी’ शब्दात सगळं आलं. मेणबत्तीत उजेडही असतो आणि उष्णताही. सुई उष्णतेने हलली असती, तर आडोसा धरल्यावर कांडी निवेपर्यंत ती हळूहळू उतरली असती. ती लगेच उतरली, म्हणजे कारण उजेड. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात : हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं. सूर्याला हवं तेव्हा विझवता येत नाही. मेणबत्ती आडोशाला घेता येते. कृत्रिम दिवा प्रयोगशाळेत आला तो या सोयीसाठी. सूर्यापेक्षा तो चांगला होता म्हणून नव्हे, आपल्या ताब्यात होता म्हणून.

तीच युक्ती चौसष्ट वर्षांनी पुन्हा दिसते. फेब्रुवारी १९४० मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल हे सिलिकॉनची एक तडकलेली कांडी तपासत होते. तिच्यावर उजेड पडला की अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब दिसायचा. खात्री करण्यासाठी त्यांनी दिवा आणि कांडी यांच्यामध्ये फिरता पंखा ठेवला. पंख्याची पाती उजेड कापत होती, आणि त्याच ठेक्यात वीज कमी-जास्त होत होती. त्या तड्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गुणाचं सिलिकॉन होतं. आज ज्याला आपण पी-एन जोड म्हणतो तो असा सापडला.

त्याच संस्थेत एप्रिल १९५४ मध्ये डॅरिल चेपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट जगाला दाखवला. त्याच्या विजेवर जत्रेतल्या पाळण्याची छोटी प्रतिकृती फिरवून दाखवली. क्षमता सांगितली ६ टक्के.

इथे थोडं थांबू या. ६ टक्के कशाचे? शेकडा म्हटलं की खाली शंभर लागतात. किती ऊन पडलं आणि त्यातली किती वीज झाली, असा तो भागाकार आहे. वीज मोजणं सोपं, मीटर लावला की झालं. पण छेदात बसलेलं ऊन कोण मोजणार? तिथून खरा इतिहास सुरू होतो. आणि यातला एक मोठा धागा आपल्या पुण्यातून जातो.

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा बसस्टॉप आहे. पुण्यात सिमला कुठून आलं, असं नव्या माणसाला वाटतं. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. १९४८ मध्ये या कचेरीत ॲना मणी नावाच्या तिशीतल्या भौतिकशास्त्रज्ञ रुजू झाल्या. केरळातल्या पीरमेडच्या त्या. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या वर्णपटावर त्यांनी काम केलं होतं, शोधनिबंध लिहिले होते, पण एम.एस्सी. नाही या कारणावरून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. आम्ही स्वतः डॉक्टरेटधारी असल्याने हे वाक्य उच्चारताना जरा ओशाळतो.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून जगभर पाळलं गेलं. त्या निमित्ताने मणीबाईंनी देशात ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. उपकरणं इथेच बनवण्याचा, आणि बनवलेलं प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी ताडून पाहण्याचा त्यांचा आग्रह असे. १९८० मध्ये भारतातल्या सौर विकिरणाच्या आकडेवारीचा त्यांचा ग्रंथ आला, आणि १९८१ मध्ये त्याचा जोडग्रंथ. देशात सौर ऊर्जेचा हिशेब मांडणाऱ्यांना कितीतरी वर्षं त्या आकड्यांचाच आधार होता.

आता ऊन तोलायचं कसं, तेही पाहू. यातली जुनी आणि सुंदर युक्ती स्वीडनच्या क्नुट ओंगस्ट्रोम यांची, १८९० च्या दशकातली. काजळी लावलेल्या दोन सारख्या धातूच्या पट्ट्या घ्यायच्या. एक उन्हात धरायची, दुसरी सावलीत ठेवून तिच्यातून वीज सोडायची. दोन्ही सारख्या तापेपर्यंत वीज वाढवत न्यायची. सावलीतल्या पट्टीला जेवढे वॉट दिले, तेवढेच वॉट उन्हातली पट्टी सूर्याकडून घेते आहे. एका पारड्यात ऊन, दुसऱ्यात वीज. अक्षरशः तराजू. आज स्वित्झर्लंडमधल्या डाव्होस इथे जगाचं प्रमाण सांभाळणारी उपकरणं आहेत, ती याच तत्त्वाची सुधारलेली रूपं आहेत. पट्टीच्या जागी काळी पोकळ कुपी एवढाच मुख्य फरक. दर पाच वर्षांनी देशोदेशीची उपकरणं तिथे एकत्र येतात आणि एकाच सूर्याकडे तोंड करून एकमेकांशी ताडली जातात.

म्हणजे ऊन मोजता येऊ लागलं. मग दिव्याची गरज का राहिली? कारण ऊन दर तासाला बदलतं, ढग येतो, पावसाळा येतो, रात्र होते. कारखान्यात तिन्ही पाळ्या चालतात. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं समोर आहेत, त्यांना हे लगेच कळेल. लाइनवरून येणारा प्रत्येक नग सूर्याची वाट पाहत थांबवता येत नाही. शिवाय आज पुण्यात मोजलेला आकडा आणि उद्या जर्मनीत मोजलेला आकडा जुळायला हवा.

दिवे मात्र फसवे निघाले. साध्या तारेच्या बल्बची तार सुमारे तीन हजार अंशांपर्यंत तापते, सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० अंशांना असतो. म्हणून बल्बच्या उजेडात तांबडा आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त भाग फार, निळा कमी. डोळ्याला जो दिवा प्रखर वाटतो तो सिलिकॉनला तसाच वाटेल असं नाही. सिलिकॉनचा घट सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे आपल्या दृष्टीपलीकडचा उजेडही खातो.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात छोटी प्लेट घ्यायला गेलो होतो. विक्रेत्याने दोन प्लेटा हॅलोजनच्या दिव्याखाली धरल्या आणि मीटर दाखवून म्हणाला, बघा काका, ही दुसरीपेक्षा सवाई आहे. आम्ही ती घेतली. घरच्या गच्चीवर दोन्ही प्रकारच्या प्लेटा उन्हात लावल्या तेव्हा फरक जवळपास दिसेना. त्याने फसवलं असं म्हणवत नाही. त्याला स्वतःलाच ठाऊक नसावं. एका प्लेटला तांबडा उजेड जास्त मानवत होता आणि दिवा तांबड्याचाच होता, इतकंच. आवडीचं जेवण वाढून भूक मोजावी तसा तो प्रकार.

प्रयोगशाळांनी त्यावर उपाय शोधले. बल्बसमोर पाण्याचा थर ठेवला, कारण पाणी अवरक्त भाग शोषून घेतं. मग कार्बन आर्क वापरला. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या आमच्या पिढीला तो माहीत आहे : मशिनमध्ये दोन कार्बनच्या कांड्या जळायच्या, ऑपरेटर त्या सारख्या जवळ आणायचा, आणि त्याचं लक्ष चुकलं की पडदा अंधारायचा. तोच आर्क कृत्रिम सूर्य म्हणून वापरला गेला आणि तीच अडचण आली, तो स्थिर राहीना. पुढे सिनेमाघरांत कार्बनची जागा झेनॉन दिव्याने घेतली, तशीच ती प्रयोगशाळेतही घेतली. झेनॉनचा प्रकाश सूर्याच्या बराच जवळ जातो; अवरक्त भागात त्याचे काही उंच सुळके असतात, ते काचेच्या गाळण्यांनी कापावे लागतात.

या सगळ्याला जोर आला तो अवकाशामुळे. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सौर घट घेऊन वर गेला. उपग्रह एकदा वर गेला की दुरुस्ती नाही, म्हणून जमिनीवरच खात्री हवी. वातावरणाबाहेर ऊन चौरस मीटरला सुमारे १,३६० वॉट असतं, जमिनीवर निरभ्र दुपारी हजाराच्या आसपास. वर्णपटही वेगळा. तेव्हा शास्त्रज्ञांनी नमुन्याचे घट बलूनने आणि विमानाने उंचावर नेऊन खऱ्या सूर्यात मोजले, खाली आणले, आणि त्या मोजलेल्या घटांवरून प्रयोगशाळेतले दिवे जुळवले. हे नीट लक्षात ठेवू या, याकडे आपण परत येणार आहोत : आधी सूर्याने घट मोजला, मग घटाने दिवा मोजला, मग दिव्याने बाकीचे सगळे घट मोजले.

जमिनीवरच्या वापराची वेळ आली १९७३ च्या तेलसंकटानंतर. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये देशातला पहिला सौर घट तयार केला. जगभर तेव्हा गोंधळ होता. जो तो आपापल्या दिव्याखाली, आपापल्या तापमानाला मोजायचा आणि आपापले टक्के सांगायचा. प्रत्येक गावचा शेर वेगळा असावा तशी स्थिती. १९७५ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला नासाच्या पुढाकाराने यासाठी बैठक झाली आणि १९७७ पर्यंत मोजण्याची एक पद्धत लिहून निघाली. तिथून आजचं ‘प्रमाण ऊन’ घडत गेलं. त्याच्या अटी तीन : चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश, घटाचं तापमान २५ अंश सेल्सिअस, आणि ‘एअर मास दीड’ हा ठरवून दिलेला वर्णपट.

हा दीडचा आकडा काय आहे? सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरणं हवेचा थर सरळ ओलांडतात, तो एक. सूर्य माथ्यापासून सुमारे ४८ अंश कलला की किरणांना दीडपट हवा ओलांडावी लागते, तो दीड. आणि या वर्णपटाचा हिशेब करताना प्लेट ३७ अंश तिरकी धरली आहे, कारण अमेरिकेच्या मुख्य भूमीचा सरासरी अक्षांश साधारण तेवढा.

आता कारेगावचा हिशेब करू. आपण सुमारे पावणेएकोणीस अंश अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट माथ्यावर. डिसेंबरात तो सर्वांत कलतो, तेव्हाही भर मध्यान्ही माथ्यापासून ४२ अंशांच्या आसपासच. म्हणजे मध्यान्हीला दीड हवेचा तो ‘प्रमाण’ सूर्य कारेगावात वर्षातून एकदाही येत नाही. तो सकाळी येतो, दुपार कलल्यावर येतो, पण बाराला नाही. यात आपलं नुकसान नाही बरं का. हवा कमी ओलांडावी लागते म्हणून मध्यान्हीचं ऊन उलट जोरकस असतं. खरा घोळ दुसऱ्या अटीत आहे.

२५ अंश हे घटाचं तापमान आहे, हवेचं नव्हे. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवाच चाळिशीला टेकते, आणि उन्हातली काळी प्लेट तिच्याहून पंचवीस-तीस अंशांनी अधिक तापते. हात लावून पाहा, चटका बसतो. सिलिकॉनचा स्वभाव असा की दर अंशामागे त्याची शक्ती साधारण ०.३ ते ०.४५ टक्क्याने घटते. प्लेट ६५ अंशांवर गेली तर २५ पेक्षा ४० अंश वर. दर अंशाला ०.४ धरले तर १६ टक्के गेले. ऊन हजाराऐवजी ९५० असेल तर आणखी पाच टक्के. धुळीचे चार-पाच धरा; आमच्याकडे रस्त्याची धूळ आहे, एमआयडीसीची आहे, वारं सुटलं की शेताची आहे. ३३५ मधून हे क्रमाने वजा करत गेलात तर २५५ च्या आसपास येता. आमच्या शेतकरी मित्राच्या वायरमनचा मीटर बरोबरच सांगत होता.

मग कारखान्यात २५ अंश कसे राखतात? इथे कृत्रिम दिव्याची खरी करामत आहे. प्लेट थंड खोलीतून येते, दिव्यासमोर थांबते, आणि झेनॉनचा दिवा सेकंदाच्या शंभराव्या किंवा दहाव्या भागाएवढा वेळ लखलखतो. फोटोच्या फ्लॅशसारखा. तेवढ्यात यंत्र शून्यापासून पूर्ण दाबापर्यंतचा सगळा आलेख टिपून घेतं आणि सर्वांत जास्त वॉट कुठे मिळतात ते शोधतं. प्लेटला तापायला सवडच मिळत नाही. पाटीवर छापला जातो तो हा लखलखाटातला आकडा. आता झेनॉनच्या जोडीला अनेक रंगांच्या एलईडींचे कृत्रिम सूर्यही आले आहेत. ते जास्त वेळ स्थिर जळतात, आणि नव्या जातीच्या घटांना तसा थोडा जास्त वेळ लागतोही.

या दिव्यांचीही प्रतवारी असते. आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाने १९९५ मध्ये ती पहिल्यांदा लिहिली. दिव्याला तीन प्रश्न विचारले जातात. तुझा रंग सूर्यासारखा आहे का? तुझा उजेड प्लेटभर सारखा पडतो का? आणि तू मोजणी चालू असताना डगमगतोस का? ‘ए’ श्रेणीसाठी वर्णपटाच्या सहा तुकड्यांतल्या प्रत्येकात २५ टक्क्यांपर्यंत चूक चालते, प्लेटवरच्या उजेडातला फरक २ टक्क्यांच्या आत लागतो. २०२० मध्ये ‘ए प्लस’ आली, तिने या मर्यादा निम्म्यावर आणल्या.

तरी दिवा म्हातारा होतो. आमच्यासारखाच. उजेड उतरतो, रंग बदलतो. म्हणून कारखान्यात एक ‘मास्टर’ प्लेट जपून ठेवलेली असते, मोठ्या प्रयोगशाळेतून मोजून आणलेली. ठरावीक वेळाने ती दिव्यासमोर धरतात आणि तिचा ठाऊक असलेला आकडा येईपर्यंत दिवा जुळवतात. एमआयडीसीतल्या पोरांना मास्टर पीस आणि कॅलिब्रेशनचं स्टिकर नवीन नाही. इथेच पैशाची जोखीम आहे. मास्टर प्लेटचा आकडा दोन टक्क्यांनी चढा धरला गेला, तर त्या लाइनवरून निघालेली प्रत्येक प्लेट दोन टक्क्यांनी फुगते. ५ मेगावॉटच्या एका प्रकल्पात ते १०० किलोवॉट झाले. कुणी चोरी केलेली नाही, पण काटा मारला गेला.

मग मास्टर प्लेट कुणी मोजली? मोठ्या प्रयोगशाळेने. त्या प्रयोगशाळेला कुणी तपासलं? इथे जगाने आपल्या ऊसवाल्यांचाच उपाय केला. कारखान्याच्या काट्याचा संशय आला की शेतकरी काय करतो? तीच गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालून आणतो. १९९३ च्या सुमारास तेच झालं. नमुन्याचे तेच ते सौर घट अनेक देशांतल्या प्रयोगशाळांतून फिरवले, प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने मोजले, आणि आकडे शेजारी शेजारी ठेवले. ज्यांचे आकडे एकमेकांशी जुळले आणि ज्यांची साखळी मूळ प्रमाणांपर्यंत जात होती अशा अमेरिका, जर्मनी, जपान आणि चीनच्या चार प्रयोगशाळांवर जगाची सौर मापनश्रेणी उभी राहिली.

आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्याला इथे आपलं घर दिसलं. गौतमांच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अगदी हाच वाद आहे. प्रमाणाने वस्तू कळते, मग प्रमाण कशाने कळतं? गौतमांनी दाखला दिला तराजूचा. तराजूने सोनं तोलतात. पण तराजूचाच संशय आला, तर आधी तोललेल्या सोन्याने तराजू तपासतात. एका वेळी जे प्रमाण असतं, तेच दुसऱ्या वेळी प्रमेय होतं. बलूनवर नेऊन आणलेल्या घटाने दिवा तपासला, दिव्याने घट तपासले : दोन हजार वर्षांपूर्वीचा तो दाखला आज कारखान्यात रोज पाळला जातो.

यावर नागार्जुनांचा आक्षेप मोठा तिखट आहे. प्रमाणाला प्रमाण हवं, त्याला आणखी प्रमाण, ही साखळी संपणार कुठे? नैयायिक म्हणाले, दिव्यासारखं. दिवा वस्तू उजळतो, त्याला पाहायला दुसरा दिवा लागत नाही. नागार्जुन म्हणाले, दिवा स्वतःला उजळतो हे म्हणणंच चूक, कारण दिव्यात उजळण्याजोगा अंधार कुठे होता? विद्यार्थ्यांना हा वाद शिकवताना आम्ही कायम नैयायिकांची बाजू घेत आलो. आता प्रामाणिकपणे सांगतो, दिव्याच्या मुद्द्यावर आम्हाला नागार्जुन पटू लागले आहेत. झेनॉनचा कोणताही दिवा स्वतःची साक्ष देऊ शकत नाही. त्याला दुसऱ्याची साक्ष लागतेच. पण म्हणून ज्ञान अशक्य ठरत नाही. वात्स्यायनांनी म्हटलं त्याप्रमाणे व्यवहार अडत नाही. साखळीच्या मुळाशी कुठला स्वयंप्रकाशी दिवा नाही. तिथे एकमेकांना ताडून पाहणारी माणसं आहेत. पाच वर्षांनी डाव्होसला जमणारी, सिमला ऑफिसात प्रत्येक उपकरण तपासल्याशिवाय पुढे न पाठवणारी.

आणि ही तपासणी कारखान्याच्या दारात संपून चालत नाही. मुंबईच्या आयआयटीत २०१० मध्ये सौर घटांच्या संशोधनाचं आणि शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. त्या केंद्राच्या पुढाकाराने २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये देशभर फिरून, उन्हात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या प्लेटा मोजल्या गेल्या. उष्ण प्रदेशातल्या प्लेटा थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर थकतात आणि छतावरच्या लहान संचांची झीज मोठ्या प्रकल्पांपेक्षा जास्त दिसते, हे त्यातून पुढे आलं. अशा तपासणीत एक फार देखणी पद्धत वापरतात. अंधारात प्लेटवर उजेड टाकायचा नाही, उलट तिलाच वीज द्यायची. मग ती प्लेट स्वतः मंद अवरक्त प्रकाश देते. डोळ्याला दिसत नाही, खास कॅमेऱ्याला दिसतो. जिथे घट तडकला असेल तिथे काळा डाग. ज्याला आपण दिव्याने जोखत होतो, तोच इथे दिवा होऊन आपली दुखणी सांगतो.

तर आता त्या शेतकरी मित्राला उत्तर. दादा, पाटी खोटी नाही आणि ऊनही खोटं नाही. पाटी म्हणजे अट घालून दिलेला शब्द आहे : अमुक उजेड, अमुक वर्णपट आणि २५ अंश असतील तर इतके वॉट. दोन प्लेटांची तुलना करायला तो शब्द उत्तम आहे. पण तुमच्या विहिरीवर दुपारी किती पाणी येईल, हे तो सांगत नाही. तुमच्यापाशी ही अट कुणी बोललं नाही, हा दोष मात्र खरा आहे, आणि तो दिव्याचा नाही, माणसांचा आहे.

म्हणून घेताना तीन गोष्टी मागा. एक, माहितीपत्रकात मोठ्या आकड्याखाली दुसरी ओळ असते, ८०० वॉट ऊन आणि २० अंश हवा धरून दिलेली. ती आपल्या शेताच्या जास्त जवळची आहे, ती वाचा. दोन, तापमानामागे किती टक्के घट होते तो आकडा पाहा. जितका लहान तितका आपल्या उन्हाला बरा. तीन, तुमच्या प्लेटच्या अनुक्रमांकाचा लखलखाट-चाचणीचा अहवाल मागा. तो प्रत्येक प्लेटचा असतो. आणि प्लेटा सकाळी गार असताना धुवा, तापलेल्या काचेवर पाणी मारू नका.

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं. बाजारातला काटा तपासायला सरकारी वजनमापवाले येतात, त्यांचं काम त्यांनी करावं. पण काटा तपासा असं म्हणणारा माणूस आधी लागतो. इथे तो चहाचा कप हातात घेऊन उभा होता.

पुढच्या व्याख्यानाआधी प्रश्न असतील तर असेच चहाच्या वेळी विचारा. इथे थांबतो.